सात पावलांवरून

वाडगं खाली ठेवलं की तो बदलतो.
मान आत, पाठ दगडी,
शेपूट सरळ, न हलणारं,
आणि चघळणं मध्येच थांबतं.
गुरगुर नंतर येते.
आधी येतं ते हे थांबणं.
मला ते कळायला एक चावा लागला,
तोही मला नाही, झाझाला.

झाझा माझा दीर, रुस्तावीच्या पोलाद कारखान्यात
वीस वर्षं भट्टीपुढे उभा राहिलेला.
"मालक कोण, ते एकदा दाखवावं लागतं,"
म्हणत त्याने भरल्या वाडग्यात हात घातला.
अंगठ्याला तीन टाके.
"खाल्ल्या अन्नाला जागत नाही हे जनावर."
मी म्हटलं, खाऊ कुठे दिलंस तू त्याला?

तोपला बाजारामागे सापडला होता,
कानात पालिकेचा पिवळा बिल्ला,
बरगड्या लांबूनही मोजता येतील अशा.
तिथे दहा कुत्री आणि एक कोंबडीचं आतडं
हा रोजचा हिशेब.

एतेरी डॉक्टरीण कमी बोलते.
"गुरगुरला म्हणून ओरडू नकोस.
ती त्याची घंटा आहे.
घंटा काढून घेतलीस
तर उद्या न वाजवताच चावेल."
आणि दार लावता लावता,
"तोंडचा घास काढू नकोस गं. वर अजून एक घाल."

म्हणून सात पावलं.
स्वयंपाकघराच्या दारात खडूची रेघ.
तो खात असताना रेघेपर्यंत जायचं,
उकडलेल्या काळजाचा एक तुकडा
वाडग्याच्या दिशेने टाकायचा
आणि पाठ फिरवायची.
थांबायचं नाही, बघत राहायचं नाही,
लाडीगोडी तर मुळीच नाही.
आठवड्याने सहा पावलं.
मग साडेपाच, कारण पाचावर त्याचं चघळणं थांबलं.
झाझा सोफ्यावरून म्हणायचा,
"कुत्र्याला काळीज आणि मला लोबियो."

बाविसाव्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या नानुलीने
मायेने एक हाड आणून दिलं.
ते घेऊन तो सोफ्याखाली शिरला
आणि दीड दिवस आमच्या घरात
सोफ्यावर कोणी बसलं नाही.
मी पुन्हा खडू काढला.
पुन्हा सात.

त्या रात्री भांडी घासताना
ते थांबणं मला ओळखीचं वाटलं.

त्र्याण्णवचा हिवाळा. वीज नाही, गॅस नाही.
आई रात्री दोनला पावाच्या रांगेत जायची,
मनगटावर पेनाने लिहिलेला नंबर
सकाळी पुसट निळा झालेला.
पाव ती दोऱ्याने कापायची, चुरा पडू नये म्हणून.
नुक्रीने, माझ्या भावाने,
नुसती गंमत म्हणून माझा तुकडा उचलला.
मी त्याच्या हातात काटा खुपसला.
चार ठिपके. अजून दाखवतो तो, लग्नांत, दोन पेले झाल्यावर.

मला वाटलं, आता आई मारणार.
तिने तिचा तुकडा
माझ्या तुकड्याशेजारी ठेवला
आणि खिडकीशी जाऊन उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून.
बाहेर मिट्ट काळोख.
बघण्यासारखं काहीच नव्हतं तिथे.

हे मी एतेरीला सांगितलं नाही.

आता मार्च आहे. मी दीड पावलावर आलेय.
काल माझी चाहूल लागली तेव्हा
तोपलाने वाडग्यातून तोंड वर काढलं,
ओठाला भात चिकटलेला,
आणि माझ्या चेहऱ्याकडे नाही, हाताकडे पाहिलं,
आज काय आणलंय, असं.
शेपूट हललं नाही. मीही काही बोलले नाही.
तुकडा टाकला, वळले.
पाठीमागे चघळणं चालूच राहिलं.

झाझाची नातवंडं येतात तेव्हा मात्र
त्याचं वाडगं आत ठेवते, कडी लावते,
दोनदा ओढून बघते.
तो म्हणतो, "एवढं शिकवून शेवटी कडीच ना?"
हो, कडीच.
तुझ्याही अंगठ्यावर अजून वण आहे,
आणि मीसुद्धा, बघ,
चार माणसांत जेवताना
डावा हात ताटलीभोवती ठेवते.