शिकाऊ

रेइयोने मशीन हातात दिलं आणि तीन गोष्टी सांगितल्या.
कडांना पट्टी चिकटव, तिथे रंग पातळ असतो.
पॅड पत्र्यावर टेकल्याशिवाय बटण दाबू नकोस.
आणि घाई असेल तर हे सोड, मासे धरायला जा.

केमीत ऑगस्टमध्ये साडेनऊलाही उजेड असतो.
घाईला निमित्तच नाही.

वडिलांची डॅटसन, चौऱ्याहत्तर सालची,
एकेकाळी लाल. आता
फार वेळ उकळत राहिलेल्या बिटासारखी.
बोट फिरवलं की बोटाला खडू लागतो.
दोनदा धुतली. मग मातीची वडी चोळली,
आणि वडीने उचललं ते सगळं:
कागद गिरणीची काजळी, बर्चचा चीक,
रस्त्यावरचं मीठ, किती हिवाळ्यांचं कोण जाणे.

मी पहिलं बटण दाबलं तेव्हा
पॅड अर्थातच हवेत होतं.
पॉलिशचे वाटाण्याएवढे चार ठिपके
भिंतीवर गेले, चष्म्यावर गेले,
आणि कुत्र्यावर. त्याने तिथल्या तिथे
दाराबाहेर राहायला जायचं ठरवलं.

पुन्हा टेकवलं. मशीनच्या अंगात आलं,
मनगटातून खांद्यात, खांद्यातून दाढांत.
मिनिटभराने उलटं करून पाहिलं, तर पॅड
लाल. ओलं, भळभळीत लाल.
रेइयोला फोन केला : मी गाडी सोलली.
तो जेवत होता. म्हणाला, जुना रंग आहे,
त्यावर काचेसारखा थर नसायचाच तेव्हा.
मेलेला निघतोय, निघू दे. खाली जिवंत आहे.
किती खाली?
तेवढं त्यालाही ठाऊक नव्हतं.

हातभर लांब, हातभर रुंद, असा एक एक चौकोन.
आधी आडवं, मग उभं, सारवल्यासारखं,
मग कापडाने पुसायचं. आणि कापडामागून
छताचा बल्ब निघतो, वायरीसकट,
आणि माझी हनुवटी, ठिपका लागलेली.

डाव्या दाराच्या तिसऱ्या चौकोनात
लालाच्या आत दुसरा लाल दिसला.
वाटलं, हा माझाच पराक्रम.
आणखी घासलं. डाग सरळ होता.
डागाला कोपरा होता.
एक के उभा राहिला. मग गोल ओ. मग पेल्यासारखा यू.
नऊपर्यंत दारावर अख्खं नाव आलं :
हानूला ड्रायव्हिंग स्कूल, तोर्निओ.
स्टिकर कधीच निघालं होतं.
त्याच्याखाली ऊन पोचलं नव्हतं, एवढंच.

वडील सांगायचे, तोर्निओच्या दंतवैद्य बाईंची गाडी,
रविवारी चर्चपर्यंत, बाकी सगळा वेळ शेडमध्ये.
दोन वर्षांत क्लच गेला, तेव्हा आईने नुसतं पाहिलं.
ते म्हणाले, बाईंचे पाय जड असतील.
झाकली मूठ. ती त्यांनी तशीच नेली.

म्हणजे माझ्या आधी या सीटवर
किती गुडघे थरथरले असतील,
किती जणांनी पहिल्याऐवजी तिसरा टाकून
गाडीला उचकी लावली असेल.
मला त्यांनी शिकवलं गोठलेल्या समुद्रावर.
धडकायला मैलभर काही नव्हतं,
तरी डॅशबोर्ड दोन्ही हातांनी धरून बसायचे.

रेइयो आला. वाकून वाचलं.
म्हणाला, जाड पॅड लाव, दोन फेऱ्या, जाईल सगळं.
मग बॉनेटच्या कडेशी थांबला.
तिथे मी पट्टी विसरले होते.
नखाएवढा राखाडी प्रायमर.
काही बोलला नाही. अंगठा ठेवून पाहिला, मावला.
माझ्या पहिल्या गाडीवर असे सात होते, म्हणाला,
आणि कॉफी आहे का, म्हणाला.

छत अजून बाकी आहे, उजवी बाजू पूर्ण बाकी.
दाराला मात्र आजच मेण लावलं,
अक्षरांवर जरा जास्त.
वायर गुंडाळताना कुत्रा आत आला,
दाराशी थबकला, आणि आतल्या कुत्र्यावर
बराच वेळ भुंकला.