पाचशे ग्रॅम

फेरीबोटीत मी बसत नाही.
कठडा धरून उभा राहतो.
बसलो तर रायबंदरला उठवायला
खलाशी लागतो, आणि तो हसतो.

लवीनाच्या टेबलावर डंबेल आहे,
गुलाबी, अर्ध्या किलोचं,
नातीच्या खेळण्यांतून पडल्यासारखं.
बाई, मी मट्टीच्या फळ्या
खांद्यावर वाहिल्यात चोडणच्या बांधावरून,
मांडीएवढ्या चिखलातून,
मानशीची दोन दारं बसवलीत या हातांनी,
अजून खारं पाणी अडवतायत.
ती वहीत तारीख घालते.
"जाणां, शाबामाम. धाच."

संधिवात.
नाव बरोबर ठेवलंय कुणीतरी,
संधी मिळाली की सोडत नाही.
सकाळचा पहिला तास माझा नसतो.
पोदेराचा भोंपू वाजतो,
शालन पाव घेते, चहा ठेवते, चहा निवतो,
आणि मी अजून पलंगाच्या कडेला
पायाच्या बोटांशी बोलणी करत असतो.
भिंतीला टेकवलेली खुर्ची.
तिच्यातून पाच वेळा उठायचं,
हाताचा टेकू न घेता.
तिसऱ्या वेळी टेकू घेतो.
वहीत खरं लिहितो.

मग एक सोमवार आला.
गुडघे गप्प, बोटं दुसऱ्या कुणाची तरी.
दहा झाली.
वीस केली.
तिसाला मनात म्हटलं, सांग आता लवीनाला.
मंगळवारी शर्टाची बटणं शालननं लावली.
बुधवारी भाताचा घासही तिनंच कालवला.
बोलली काहीच नाही.
बोलली असती तर बरं झालं असतं.

"दुखणं दुसऱ्या दिवशी विचारायचं,"
लवीना म्हणाली,
"त्याच दिवशी विचारलं तर खोटं सांगतं."
चौदा दिवस मग नुसती गरम पाण्याची बादली,
त्यात हात,
हातांत काही नाही.

माळ्यावर मट्टीचा ठोकळा निघाला,
जुन्या मानशीच्या दारातला, पाणी पिऊन काळा.
पुतण्याकडून चरकावर धरवून घेतला,
मूठ जाड ठेवायला सांगितली,
माझी मिटते तेवढीच.
इनासीनच्या मासळीच्या काट्यावर ठेवला:
पाचशे चाळीस.
"चाळीस ग्रॅमनं काय बिघडतं, काका,"
सर्वेश म्हणाला.
बिघडतं रे. मंगळवार बिघडतो.
कानस मागून घेतली.
सकाळी पाच मिनिटं, संध्याकाळी पाच,
मध्ये बादली.
तीन दिवस चाळीस ग्रॅमसाठी.
एके काळी एवढ्या वेळात
दार उभं केलं असतं मी.
पायाशी भुसा पडला, तांबूस, मूठभर,
वास मात्र तसाच, ओला, तुरट,
पस्तीस वर्षांपूर्वीच्या दुपारीचा.

इनासीननं पुन्हा तोललं.
चारशे अठ्ठ्याण्णव.
दोन ग्रॅम तुला सोडले, म्हणाली,
आणि तारल्याचा हात पदराला पुसला.

आता सोमवारी दहा, बुधवारी दहा,
शुक्रवारी बघू.
मधले दिवस लवीनानं तांबड्या शाईनं घेरलेत:
आयज कांय करूं नाका.
हे सगळ्यात जड.
हात मांडीवर ठेवून बसतो मानशीवर,
ओहोटीला पाणी आतून रेटतं,
दार उघडतं आपसूक,
भरतीला आपसूक मिटतं.
बिजागरी कुरकुरते अजून,
माझ्या गुडघ्यासारखीच, जरा खालच्या सुरात.
"काय करता हो शाबामाम?"
बांधावरून सायकल जाते.
"व्यायाम," म्हणतो.
सायकल थांबत नाही.

रात्री वही उघडतो.
त्या दिवसापुढे शून्य लिहायचं असतं.
एक लिहिता येतो, सात येतो,
दहातला एक तर सरळच असतो.
शून्याला बोटं वळत नाहीत.
अर्ध्यावर पेन थांबतं,
गोल तोंड उघडंच राहतं.
लवीना त्याला शून्यच समजते.