घरघर

सावरगावच्या वायनरीत दुपारी चारला
स्पीकरमधून घरघर येत होती.
चार पुरुष वायरी उपटत होते, परत खोचत होते.
मी माझी पेटी घेऊन उभी.
"मॅडम, आर्टिस्ट कधी येणारेत?" जोपळेने विचारलं.
साउंडवाला, ओझरचा, चेहऱ्याने गरीब.
म्हटलं, आलेत.
त्याने माझ्यामागे बघितलं.

पोस्टरवर माझ्या नावाआधी 'लेडी' छापलंय.
बाकी तिघांच्या नावाआधी काहीच नाही,
ते जन्मतःच डीजे.
फोटोत मला जी लिपस्टिक आहे
ती माझ्याकडे नाही.

घरघर वाढली.
बाई आली की घरघर आलीच, कोणीतरी म्हणालं.
हसले सगळे. मीही हसले.
त्या माझ्या हसण्याचा राग अजून जात नाही.

अकरा वर्षं सातपूरला पॅनेल तपासते मी.
कान लावला की कळतं
कुठला ट्रान्सफॉर्मर कण्हतोय, कुठला नुसताच सोंग करतोय.
ही पेटी मीच जोडली,
मिसळणाच्या डब्यात रेझिस्टर निवडून.
नणंद म्हणायची, वहिनी, एवढं निवडून
भात तरी झाला असता.
रात्री बारानंतर, हेडफोन लावून,
कारण हा आवाज सासऱ्यांना सोसत नाही.
पाथर्डी फाट्यावरच्या वरातींचा सोसतो.

"दोन ठिकाणी अर्थ लागलाय," मी म्हटलं.
कोणाच्या कानात शिरलं नाही.
पाच मिनिटांनी तेच वाक्य प्रणीत म्हणाला
आणि ते खरं निघालं.
एका टोकाची शील्ड सोडवली, घरघर थांबली.
इतकं शांत, की बागेवरची जाळी
तारेला घासताना ऐकू आली.
"काय कान आहे हो, प्रणीतभाई!"

रात्री मला वीस मिनिटं दिली. ठरली होती चाळीस.
मी ठेका लावलाच नाही.
दुपारची घरघर पेटीत धरून ठेवली होती,
ती सोडली. ताणली, दुमडली, खाली खाली नेली,
ग्लासातली वाइन थरथरेपर्यंत.
जोपळे धावत आला, वायरी चाचपू लागला.
मी हातानेच त्याला, थांब.

परतीला गाडी नव्हती.
त्याच्याच टेम्पोत पुढे बसले, मागे स्पीकर.
बारदान फाट्यापर्यंत तो गप्प.
मग रस्त्याकडे बघतच म्हणाला,
"ते अर्थचं... तुम्ही आधी बोलला होतात ना?"

डावीकडे घ्या, म्हटलं.