अकरा सेकंदं

दिवाळे गावच्या जेट्टीवर
धाकलीबाई तांडेल कॅमेऱ्याकडे बघत नव्हती,
जाळ्यात गुंतलेली प्लास्टिकची पिशवी सोडवत होती.
मनवाने विचारलं, खाडी बदलली का हो, मावशी?
ती म्हणाली,
"खारी कशाला बदलंल, ती हाय तथंच हाय.
पानी तापलं. मानसा थंड परली."
आणि हसली.
अकरा सेकंदं. मी मोजलीत.
पानाने रंगलेले दात, मागे कुणाच्या तरी होडीचं इंजिन,
हसता हसता खोकला, मग पुन्हा हसू.

ते मी कापलं.

कापलं ठाण्यात, पाचपाखाडीतल्या एका खोलीत,
जिथे संगणक तापू नये म्हणून
एसी रात्रंदिवस अठरावर असतो
आणि मी ऐन मे महिन्यात स्वेटर घालून
तापमानवाढीवर काम करतो.
हसण्याच्या जागी तिचे हात ठेवले:
भेगा, चिकटलेले खवले, सैल झालेली अंगठी.
खाली सारंगी, संथ.
"खारी"चं खाली लिहिलं "खाडी",
"थंड परली"चं "उदासीन झाली".
निर्मात्यांचा निरोप आला: उत्तम. शेवटी फ्लेमिंगो हवेत.
घातले फ्लेमिंगो.

वाशीच्या सभागृहात दिवे लागले
तेव्हा लोक नाक पुसत होते.
ती शांतता मला ओळखू येते,
मीच ती मीटर बघून बसवलेली असते.
आयोजकांनी हात वर करायला सांगितले:
फिल्मच्या आधी काळजी किती जणांना होती?
आणि आता?
हात वाढले.
माझ्या छातीत काहीतरी फुललं, खोटं कशाला बोलू.
रबाळ्याच्या कुठल्याशा रसायन कंपनीतून
निवृत्त झालेले केळुसकर उभे राहिले,
"तीस वर्षं आम्ही नाल्यात जे..." म्हणाले,
आणि पुढचं वाक्य सापडेना
तसे खाली बसले.
कुणीतरी टाळ्या वाजवल्या.
टाळ्यांची ती जागा नव्हती.
खाली पार्किंगमध्ये गाड्या सुरू करून ठेवलेल्या,
आधी आतून गार व्हाव्यात म्हणून.

मग गावात दाखवली.
दोन बांबूंना चादर. खाऱ्या वाऱ्याने
चादरीला पोट यायचं
आणि उत्तर ध्रुव पुढे सरकायचा.
इथे कुणी रडलं नाही.
"ए, ती आमची होरी!"
"अगो, बाल्या बघ, लुंगीवर!"
हिमनग कोसळले तेव्हा पोरं चहा आणायला गेली होती.
जिताडा दिसला, शिट्ट्या पडल्या.
फ्लेमिंगोंकडे कुणी पाहिलंच नाही,
ते शेजारीच उभे होते
ओहोटीच्या चिखलात, अंधारात, फुकट.

धाकलीबाईने तेवीस मिनिटं
तोंडाला पदर लावून पाहिली.
मी वायरी गुंडाळत होतो तिथे आली.
"चांगला केलास. पन मी मेली काय रं त्यान?"
नाही हो, मावशी.
"मंग हसताना का नाय दावलीस मना?
ररनारीचा ऐकतान, नी घरा जातान.
हसनारीला इचारतान,
का गो हसलीस?"
आणि माझ्या हातात कागदात बांधलेलं सुकट देऊन
निघूनही गेली.

तेव्हापासून ती फाइल रोज उघडतो.
हसू परत बसत नाही.
सारंगी त्याला अंगाला लागू देत नाही,
निर्माते म्हणतात, लोक गोंधळतील,
फिल्म पाच शहरांत फिरतेय, आता कशाला.
आज एसी सव्वीसवर केला.
संगणकाचा पंखा घरघरू लागला,
त्या होडीच्या इंजिनासारखा,
खोलीला सुकटीचा वास.
तारीख, वेळ, फ्रेमचा आकडा, सगळं माझ्याकडे नोंदलेलं आहे.
पिशवी सोडवत ती हसते, खोकते, पुन्हा हसते.
दिवाळे इथून तासाभरावर.
मी अजून विचारायला गेलेलो नाही.