डीच्या पोटातली शाई

वाळपईला नोटरीच्या पडवीत माझं टेबल.
टाइपरायटरच्या डीच्या पोटात शाई साठते,
रोज सकाळी टाचणीनं खरवडतो.
आज विसरलो,
आणि नेमकी सुलक्षा गांवस आली.
मागे दोन भाऊ, हेल्मेटंसुद्धा न काढता.

डीड, मी ठोकलं. म्हणजे दस्त.
पुढचा शब्द लांब होता, हक्कसोडीचा;
तो डीचा नव्हता, म्हणून तिनं विचारला नाही.
मीही सांगितला नाही.

नावापुढे डी, तिरकी रेघ, ओ.
“हें कितें?”
काजूच्या बियांनी काळं पडलेलं बोट थेट कागदावर.
म्हटलं, डॉटर ऑफ. अमक्याची मुलगी.
मग बापाच्या नावाआधी पुन्हा डी, तुंबलेल्या पोटाची:
डिसीज्ड.
“डिसीज? दुखणं ना? बांबोळीच्या हॉस्पिटलात ऐकलेला हा शब्द.”
नाही बाई, ते वेगळं. हा म्हणजे वारलेला.
“दुखण्यानंच वारला,” ती म्हणाली,
“अकरा महिने. बेडपॅन मीच धरलं.”
थोरला खांबावरची नोटीस वाचू लागला.

खाली तक्ता. काजूची बाग, पोरसू, घर.
थोरल्याच्या नावासमोर सगळं लिहिलं,
धाकट्याच्या नावासमोर नुसतं
डी, ओ, टिंब.
“हा पण डॉटर?”
धाकटा पहिल्यांदाच हसला.
नाही, हे डिट्टो. वरच्यासारखंच.
“अक्षरं तीच?”
तीच. मधली रेघ तेवढी नाही.

ती गप्प बसली.
बाहेर कदंबा बस लागली, सुटली.
मग नखानं ती तिरकी रेघ
खरवडून पाहिली तिनं, हळूच,
कागद फाटणार नाही इतपत.
“ही काढली, तर मीसुद्धा वरच्यासारखीच?”

तीस वर्षं या खुर्चीत बसतोय.
कायदा विचारायला माणसं आत जातात,
माझ्याकडे फक्त स्पेलिंग विचारतात.
मी म्हटलं, होय.

पेनाचं टोपण तिनं परत लावलं.
अर्ध्या पानाचे चाळीस रुपये मोजून ठेवले,
कागदाची घडी ब्लाऊजमध्ये खोचली
आणि भावांच्या आधी पायऱ्या उतरली.
थोरला मला काहीतरी बोलला,
ते इथे लिहीत नाही.

दस्तावर तारखेची जागा कोरीच राहिली.
तीही डीच होती.
तेवढी विचारायची राहून गेली.

मी टाचणी शोधतोय.