काठावरचं फूल

हेलसिंकीहून टूलाबाईंची मेल आली :
पाचशे डझन टॉवेल पसंत,
रंग पसंत, वजन पसंत,
फक्त काठावर विणलंय ते फूल कोणतं
तेवढं आमच्या भाषेत लेबलावर घाला.

फूल साधंच.
अक्कलकोट रोडच्या आमच्या शेडबाहेर
नळाशी हात धुतल्याचं पाणी साचतं,
तिथली गुलबक्षी.
लिंबय्या चिलवेरीनं ती
बिस्किटाच्या पुड्यामागं पेन्सिलीनं उतरवली
आणि जकार्डला चढवली.

विचारत गेलो.
हिशेबातले म्हेत्रे म्हणाले, गुलबास.
पॅकिंगमधली शिवलीला : संजेमल्लिगे,
आमच्या अक्काच्या दारात रानच माजलंय.
रंगखात्यातले बशीरचाचा : गुल-ए-अब्बास, और क्या!
लिंबय्यानं मान वर न करता सांगितलं, चंद्रकांता.
एकाच नळाच्या पाण्यावर
चार नावं वाढलेली,
जशी एकाच झुडपावर राणी, पिवळी, पांढरी
आणि मधूनच एखादी
कुणालाच न विचारता आलेली, पट्ट्यापट्ट्यांची.

रात्री लॅटिन नावाचा माग काढत काढत
पोचलो एकदाचा :
इह्मेकुक्का.
इह्मे म्हणजे नवल, कुक्का म्हणजे फूल.

सकाळी मोठ्यानं वाचून दाखवलं
तर मागावरची अख्खी रांग हसायला लागली.
लिंबय्याच्या डोळ्यांत पाणी :
‘आमच्यात कुक्का म्हंजे कुत्रं की वो साहेब!
कुत्र्यानं तोंड पुसायचं का गोऱ्यांनी?’

हसू ओसरल्यावर
मला तो शब्द जरा रिकामा वाटला.
त्यात संध्याकाळच नाही.
चारचा भोंगा नाही,
विड्या जमा करून परतणाऱ्या बायकांनी
जाता जाता खुडलेली चार फुलं नाहीत.
आईनं ठेचून गळवाला बांधलेलं पान नाही.
मिरीसारखं काळं बी,
ज्यानं मी धाकट्याचं नाक बुजवलं होतं
आणि मार खाल्ला होता, तेही नाही.
लेबल दोन सेंटिमीटरचं.

टूलाबाईंना विचारलं,
तुमच्याकडे संध्याकाळ किती वाजता होते?
म्हणाल्या, जूनमध्ये जवळजवळ होतच नाही.
मग गुलबक्षीनं तिथं
कुणाच्या सांगण्यावरून उमलायचं?

शेवटी इह्मेकुक्काच पाठवलं.
उत्तर आलं : शब्द अगदी बरोबर आहे.
हे फूल मात्र मी कधी पाहिलेलं नाही.

कंटेनर जाऊन आता महिना झाला.
गेटवर एक लंगडं पिवळं कुत्रं
चहाच्या वेळेला हजर असतं,
बरोबर गुलबक्षी डोळे उघडते तेव्हा.
लिंबय्या खारीचा तुकडा पुढं करून हाक मारतो,
‘इह्मे! ए इह्मे!’
आणि ते येतं,
शेपटी हलवत,
जणू जन्मापासून
फिनिश समजत असल्यासारखं.