पंखाचा साचा

कढीपत्त्याच्या कुंडीत मरून पडलं होतं,
पिवळं-काळं. मुंग्यांनी पोट नेलं,
पंख ठेवले.
मी ते काडेपेटीत घालून जळगावला नेले,
एसटीत, मांडीवर.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर
कौलं. एकावर एक, नीट शाकारलेली,
प्रत्येक कौलाला जाळी,
जाळीला खिडक्या.
एवढ्याशा घराला एवढ्या खिडक्या
कोणासाठी ठेवल्या असतील?

जस्ताच्या द्रावणात रात्रभर भिजवले,
मग भट्टी. पाचशे अंश.
पंख गेला.
साचा राहिला,
पांढरा, फुंकर सोसणार नाही असा.
दोन तारांच्या मध्ये बसवला.
खिडक्या उघड्याच आहेत अजून,
आता उडायचं नाही,
आत कोण आलं ते सांगायचं.

सुपडूमामा भुसावळला
वीज केंद्राच्या राखेवर बत्तीस वर्षं.
निवृत्तीच्या आधीच नाक गेलं.
दूध करपून घरभर झालं तरी
पेपर वाचत बसतात,
मामी हातातलं टाकून धावते.

पौषातली संध्याकाळ. गच्चीवर डबी ठेवली,
चिमणीकडे तोंड करून.
मामा स्टूल घेऊन बसले,
क्रिकेटचा स्कोअर पाहावा तसे.
बारा. बारा. तेरा.
"काय पाहू राह्यली वं एवढं?"
"वारा येऊ द्या."

वारा फिरला.
एकोणीस. सव्वीस. एकेचाळीस.
मी चिमणीकडे पाहिलं:
धूर सरळ तापीकडे चालला होता,
आमच्याकडे पाठ करून.
वहीत काय लिहावं कळेना.

मामा उठले, कठड्यावरून वाकले.
नेहेत्यांच्या मळ्यात, केळीच्या पलीकडे
कपाशीच्या काड्या पेटलेल्या,
वर टोपलीभर वांगी.
"भरीत," मामा म्हणाले.
आकडा अजून चढला. बावन्न.
"भरीतच हाये वं!"
त्यांनी डोळे मिटले, नाक वर केलं, सवयीनं.
मग डोळे उघडून
आकडाच पाहत राहिले, बराच वेळ,
आवंढा गिळत.

मी वहीत लिहिलं:
काड्यांचा धूर, अंतर दीडशे पावलं.
चिमणीचा रकाना कोरा.

"तो राहू दे उद्यावर," मामा म्हणाले,
"उद्या वारा इकडे फिरंन."
आणि डबीवर, थंडी लागू नये तसं,
आपला रुमाल पांघरायला गेले.
"झाकू नका, मामा. तिला हवा लागते."
त्यांनी रुमाल मागे घेतला,
स्वतःच्या नाकाला लावला,
चिमणीकडे हनुवटीनं दाखवलं:
"त्याचा वास मले पाठ हाये."